मॉर्फिनची 'सवय' होते म्हणजे मेंदूत नक्की काय होतं?

जागरण
वडिलांना कॅन्सरच्या दुखण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या सुरू होऊन चार महिने झाले. सुरुवातीला ज्या डोसवर शांत पडून राहायचे त्यावर आता दोन तासही निघत नाहीत, परवा डॉक्टरांनी डोस वाढवला. त्यावर आत्या म्हणाली, लागली ना सवय, आता सुटायची नाही. काकांनी तर 'गर्दुल्ला' हा शब्द वापरला, तोंडावर नाही, दाराआड, पण आजारी माणसाला ऐकू येतं हे कुणाच्या लक्षातच राहत नाही. तेव्हापासून बाबा दुखत असलं तरी गोळी पुढे ढकलतात. 'अजून अर्धा तास थांबू' म्हणतात आणि चादर मुठीत धरून पडून राहतात.

मला उपदेश नकोय, समजून घ्यायचंय. मी शोधलं तर कुठे लिहिलंय रिसेप्टर थकतात, कुठे लिहिलंय मेंदू बदलतो. थकतात म्हणजे काय? बदलतो म्हणजे कुठला भाग, कसा बदलतो, आणि परत पहिल्यासारखा होतो का? टॉलरन्स, डिपेंडन्स आणि व्यसन ही एकाच गोष्टीची तीन नावं आहेत की तीन गोष्टी? कुणाला माहीत असेल तर सोप्या भाषेत सांगा, रात्री वाचेन, जागीच असते.

टवाळ
रिसेप्टर थकतात हे वाचून स्वतःचीच आठवण झाली. गंभीर धाग्यावर आगाऊपणा केला, माफी. बाबांना आराम पडो.

भूलवाली
जागरण, मी भूलतज्ज्ञ आहे, ही औषधं रोज हातात असतात, म्हणून जरा लांबण लावते.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. कॅन्सरच्या पेशंटचा डोस वाढवावा लागला की लोक लगेच सवयीकडे बोट दाखवतात, पण पुष्कळदा कारण साधं असतं, आजार पुढे सरकलाय आणि दुखणंच वाढलंय. तेव्हा 'सवय लागली' हा निकाल आत्याबाईंनी द्यायचा नाही, तो तपासून बघायचा असतो.

आता मेंदू. अफूसारखी औषधं जिथे जाऊन बसतात त्या जागा, म्हणजेच रिसेप्टर, आपल्या पेशींवर मुळातच असतात, कारण शरीर स्वतःचं मॉर्फिनसारखं रसायन बनवतं. या जागा १९७३ मध्ये तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवून दिल्या आणि १९७५ मध्ये ॲबर्डीनच्या ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी शरीरातलं ते रसायन, एन्केफॅलिन, शोधलं. म्हणजे कुलूप आधी सापडलं, घरची किल्ली नंतर. दुखणं कमी करणारा मुख्य रिसेप्टर म्हणजे 'म्यू'. मॉर्फिन त्यावर बसलं की पेशीतली पोटॅशियमची दारं उघडतात, कॅल्शियमची मिटतात, पेशी गप्प होते. आत सायक्लिक एएमपी नावाचा एक निरोप्या असतो, त्याचं उत्पादनही खाली येतं.

पण पेशीला कुणी कायमचं गप्प बसवलेलं चालत नाही. १९७५ मध्येच शर्मा, क्ली आणि निरेनबर्ग यांनी (हो, जेनेटिक कोडवाले नोबेल निरेनबर्गच) बशीत वाढवलेल्या पेशींवर मॉर्फिन टाकून ठेवलं. आधी सायक्लिक एएमपी खाली गेलं. मॉर्फिन तसंच ठेवलं तर ते हळूहळू चढत चढत पूर्वीच्या पातळीवर आलं, कारण पेशीने ते बनवणारी यंत्रणाच वाढवली. आणि मग मॉर्फिन काढून घेतलं तर उसळून नेहमीपेक्षा खूप वर गेलं. टॉलरन्स (औषधाला सरावणं) आणि डिपेंडन्स (औषध काढलं की उसळणं) दोन्ही एकाच बशीत दिसले. त्यामुळे 'थकतात' हा शब्द मला पटत नाही. उलट पेशी जादा काम करत असते, दिसत नाही इतकंच.

उगाच
म्हणजे रस्सीखेच? औषध एका बाजूने ओढतंय, मेंदू दुसऱ्या बाजूने टाच रोवून ओढतोय, दोरी मधेच स्थिर, बघणाऱ्याला वाटतं सगळं शांत आहे. आणि औषधाने एकदम दोरी सोडली की मेंदू उताणा.

भूलवाली
@उगाच, हेच. मी तीन परिच्छेद लिहिले आणि तुम्ही दोन ओळीत उरकलंत.

पावशेर
फार्मकॉलॉजी शिकतोय, त्यामुळे पावशेर ज्ञान पावशेरच समजून घ्या. भूलवालीताईंचं बरोबरच आहे पण रिसेप्टरही अगदी जसेच्या तसे राहत नाहीत. सतत औषध बसून राहिलं की काही एन्झाइम रिसेप्टरच्या शेपटीवर फॉस्फेट चिकटवतात, मग अरेस्टिन नावाचं प्रोटीन येऊन त्याला आतल्या यंत्रणेपासून तोडतं. किल्ली फिरते पण दार उघडत नाही. काही रिसेप्टर पेशीच्या आत ओढले जातात, आणि गंमत म्हणजे मॉर्फिन या आत ओढण्याच्या बाबतीत बाकीच्यांपेक्षा आळशी आहे, त्यावरून आमच्या क्षेत्रात अजून वाद चालतात. तेव्हा 'थकणं' अगदीच चूक नाही, पण ती गोष्टीची छोटी बाजू. मोठी बाजू रस्सीखेचवाली.

आणि ही रस्सीखेच सगळ्यात स्पष्ट दिसते ती लोकस सेरुलियसमध्ये. मेंदूच्या देठात दोन्ही बाजूंना एकेक छोटासा ठिपका, सगळ्या मेंदूला नॉरॲड्रेनालिन पुरवतो, म्हणजे जाग, सावधपणा, धडधड. अघजानियन नावाच्या संशोधकांनी १९७८ मध्ये उंदरांच्या या पेशींची टिकटिक मोजली. पहिल्यांदा मॉर्फिन दिलं की टिकटिक मंदावते. रोज देत राहिलं की हळूहळू नेहमीच्या वेगावर येते. मग मॉर्फिनचा परिणाम उलटवणारं औषध दिलं की टिकटिक सुसाट सुटते. विड्रॉवल म्हणजे औषध अचानक थांबल्यावरचा त्रास, त्यातला घाम, थरथर, अंगावर काटा, डोळ्यांच्या मोठ्या झालेल्या बाहुल्या यांचा या ठिपक्याशी जवळचा संबंध. क्लोनिडीन हे खरं म्हणजे ब्लडप्रेशरचं औषध, पण ते दुसऱ्या दाराने याच ठिपक्याला शांत करतं, म्हणून विड्रॉवलमध्ये वापरतात.

जागरण
थांबा थांबा. म्हणजे चार महिन्यांनी बाबांच्या मेंदूत ही टिकटिक 'नॉर्मल' आहे, पण औषध असेपर्यंतच नॉर्मल?

पावशेर
हो. उसनं नॉर्मल.

अर्धवट_वाचक
वाचनखूण साठवली. पुढचं वाचायच्या आधीच.

दोन_मांजरं
मला एक कळत नाही, मेंदू इतका हुशार आहे, सगळ्याला सरावतो, तर मग लोक ओव्हरडोसने मरतात कसे? जितका जुना घेणारा तितका सुरक्षित असायला हवा ना?

भूलवाली
दोन_मांजरं, या धाग्यावरचा सगळ्यात चांगला प्रश्न. उत्तर असं की सराव सगळ्या भागांना सारख्या वेगाने होत नाही. मजा वाटणं, तरंगल्यासारखं होणं याचा सराव झपाट्याने. दुखणं कमी होण्याचा त्यामानाने सावकाश. श्वास मंदावण्याचा सराव होतो पण रेंगाळत, आणि पूर्ण कधीच नाही. बाहुली टाचणीएवढी होते ती जवळजवळ तशीच राहते. आणि आतडी, आतडी कधीच ऐकत नाहीत, बद्धकोष्ठ पहिल्या दिवशी तसं शंभराव्या दिवशी. (जागरण, बाबांना पोट साफ व्हायचं औषध चालू आहे ना? नसेल तर उद्याच विचारा, हे कुणी आपणहून सांगत नाही.)

आता यातला धोका बघा. श्वासाचा ताल धरणाऱ्या पेशींचा एक छोटा गट मेंदूच्या देठात असतो, प्री-बॉटझिंगर म्हणतात, त्यावर हेच म्यू रिसेप्टर. जो माणूस मजेसाठी घेतो त्याची मजा पटकन विझते म्हणून तो डोस वाढवत नेतो, पण श्वासाचा सराव मागेच राहिलेला असतो. दोघांमधली फट रोज थोडी थोडी आवळत जाते. बाहेरून त्याला काहीच कळत नाही.

निमूट
इथे सहसा लिहीत नाही, नुसता वाचतो. पण हे लिहायला हवं.

मी गर्द घ्यायचो. सात वर्षं झाली सुटून, म्हणजे आज सुटलेलं आहे असं म्हणतो. सुरुवातीला जे व्हायचं ते दोन-तीन महिन्यांत संपलं, मग मी मजेसाठी घेतच नव्हतो, सकाळी अंथरुणातून उठता यावं म्हणून घ्यायचो. हे घरच्यांना कधीच पटलं नाही, त्यांना वाटायचं मी चैन करतोय. शेवटचा डोस होऊन आठ-दहा तास झाले की जांभया सुरू. साधी झोपेची जांभई नाही, जबडा दुखेपर्यंत एकामागून एक. मग नाक गळणं, डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पाय आपोआप झटकले जाणं, जुलाब. दुसरा तिसरा दिवस सगळ्यात वाईट, आठवडाभराने अंग सुटतं. त्याची गोष्ट लोक रंगवून सांगतात. त्याच्यानंतरची गोष्ट कुणी सांगत नाही. पुढचे कित्येक महिने काहीच चांगलं वाटत नव्हतं. दुःख नव्हतं, रडू नव्हतं, नुसतं सपाट. भाचीने पळत येऊन मिठी मारली तर मला कळत होतं की इथे आनंद व्हायला पाहिजे, पण तो येतच नव्हता.

आणि एक ठराविक जिना होता, तिथे आम्ही बसायचो. सुटून पाच महिने झाले होते, तिथून नुसता चालत गेलो तर नाक गळायला लागलं, जांभया आल्या, पोटात कळ. अंगात औषधाचा कण नाही आणि विड्रॉवल. मला वाटलं मी वेडा झालोय.

पावशेर
निमूटदादा, वेडे नव्हतात, पुस्तकातलं उदाहरण होतात. एब्राहम विकलर नावाच्या संशोधकाने नेमकं हेच मांडलं होतं, की जिथे पुन्हा पुन्हा विड्रॉवल झालंय ती जागाच शरीराला विड्रॉवल आणायला शिकवते. घंटा वाजली की लाळ, तसा जिना दिसला की जांभई.

आणि तुमचं 'सपाट' पण खरं आहे, मनाचे खेळ नाहीत. मेंदूत खोल एक भाग आहे, व्हीटीए, तिथल्या डोपामिनच्या (बक्षिसाचा निरोप देणारं रसायन) पेशींवर एरवी दुसऱ्या पेशींचा लगाम असतो. मॉर्फिन डोपामिनच्या पेशींना चाबूक मारत नाही, ते लगामवाल्यांना झोपवतं, म्हणून घोडे उधळतात. सतत तसं झालं की मेंदू तिकडेही उलटा जोर लावतो. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांच्या पेट स्कॅनमध्ये डोपामिनचे डी-टू रिसेप्टर कमी दिसतात, आणि दुसरीकडे डायनॉर्फिन, सीआरएफ अशी अस्वस्थपणाची रसायनं वाढलेली असतात, जॉर्ज कूब या संशोधकांनी याच्यावर बरंच काम केलंय. थोडक्यात बक्षिसाचा नळ बारीक आणि शिक्षेचा मोठा. भाचीची मिठी त्या बारीक नळातून यायची होती.

टवाळ
म्हणूनच मी डोपामिन डिटॉक्स सुरू केलाय. दोन दिवस मोबाईल बंद.

उगाच
@टवाळ हे कशावरून टाइप केलंस मग?

टवाळ
शेजारच्याच्या मोबाईलवरून. माझा बंद आहे.

भूलवाली
अवांतर, पण राहवत नाही. डोपामिन हे काही अंगात साठलेलं विष नाही की डिटॉक्स करून काढायचं, ते गेलं तर माणूस पाय उचलू शकणार नाही. मोबाईल आणि मॉर्फिन एका तागडीत तोलू नका. मोबाईल बंद केला म्हणून कुणाला जुलाब होत नाहीत.

खवट
सगळं वाचलं. सायन्स ठीक आहे पण मला यात एक पळवाट दिसते. मेंदू असा, रिसेप्टर तसे, माणसाने स्वतः काही करायचंच नाही? व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन सैनिक हेरॉइनवर होते, घरी आल्यावर बहुतेकांनी सोडलं. त्यांचे रिसेप्टर काय वेगळे होते? मनावर घेतलं की सुटतं.

निमूट
मनावर चौदा वेळा घेतलं होतं. मोजलेत.

जागरण
खवट, माझ्या बाबांनी काय मनावर घ्यायचं ते सांगाल का, दुखणं?

खवट
(प्रतिसाद काढून टाकला आहे.)

अर्धवट_वाचक
खवट यांचं म्हणणं कडू असलं तरी उदाहरण खरं आहे, ते झटकून टाकू नये असं मला वाटतं. ली रॉबिन्स या बाईंनी परतलेल्या सैनिकांचा माग काढला होता, १९७१ मध्ये आलेल्यांचा. तिथे असताना साधारण पाचातला एक जण स्वतःला व्यसनी म्हणत होता. त्यांच्यातले घरी आल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात सापडलेले फक्त पाच टक्क्यांच्या आसपास, तीन वर्षांत बारा. तेव्हा लोकांचा विश्वासच बसला नाही.

पण याचा अर्थ 'मनावर घेतलं' असा लागतो का? मला उलट वाटतं. त्या सैनिकांचा जिनाच हजारो मैल मागे राहिला. निमूट यांना रोज त्याच जिन्यावरून जावं लागत होतं.

पावशेर
टाळ्या. आणि याचीच काळी बाजू सांगतो, प्रयोग ऐकून माझी झोप उडाली होती. शेपर्ड सीगल, १९८२. उंदरांना हेरॉइन नेहमी एका खोलीत द्यायचे, दुसऱ्या खोलीत नुसतं साखरेचं पाणी टोचायचे. पुरेसा सराव झाल्यावर सगळ्यांना मोठा डोस दिला, अर्ध्यांना ओळखीच्या खोलीत, अर्ध्यांना साखरपाण्याच्या खोलीत. डोस तोच, सराव तेवढाच. ओळखीच्या खोलीत साधारण एक तृतीयांश मेले, दुसऱ्या खोलीत दुप्पट. ज्यांनी हेरॉइन कधी पाहिलंच नव्हतं ते जवळजवळ सगळे.

म्हणजे टॉलरन्सचा एक हिस्सा पेशीत असतो आणि एक हिस्सा खोलीत. ओळखीच्या भिंती दिसल्या की मेंदू औषध यायच्या आधीच टाच रोवतो. अनोळखी जागी तो बेसावध सापडतो.

दोन_मांजरं
बापरे. अंगावर काटा आला. (विड्रॉवल नाही, साधाच.)

निमूट
माझ्या दोन मित्रांचं असंच झालं होतं, नेहमीचाच डोस, जागा वेगळी. आम्ही म्हणायचो माल भेसळीचा होता. असेलही. आता हे वाचून रात्रभर तेच डोक्यात राहणार.

माझं स्वतःचं सांगतो. पहिल्यांदा एका केंद्रात राहून आलो, नाव घेत नाही, तिथे सगळं शरीरातून काढलं, महिनाभर कोरडा ठेवला, हार घालून घरी सोडलं. 'आता तू स्वच्छ आहेस' एवढंच सांगितलं. हे कुणी सांगितलं नाही की मेंदूने टाच काढून घेतलीय, आता जुना डोस तुला मारेल. चौथ्या दिवशी घेतला, जुनाच. भावाला मी निळा पडलेला सापडलो. नालोक्झोनने परत आलो. आणि तरी डोळे उघडल्यावर पहिल्यांदा राग आला, इतकं भयंकर विड्रॉवल एका मिनिटात अंगावर आलं की वाचवणाऱ्या डॉक्टरला शिव्या दिल्या.

भूलवाली
निमूट, तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे, जास्तीत जास्त लोकांनी वाचावं. सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे, मग ते केंद्रातून सुटलेले असोत, तुरुंगातून की हॉस्पिटलमधून. हार घालण्याआधी हे सांगायला हवं होतं.

शिव्यांचं मनावर घेऊ नका, आम्हाला सवय आहे. नालोक्झोन म्यू रिसेप्टरवरून औषधाला ढकलून स्वतः बसतं आणि काहीच करत नाही, दोरी एका क्षणात सुटते. अजून एक, नालोक्झोनचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, अंगातलं औषध त्याहून जास्त टिकू शकतं. शुद्धीवर आला, बोलायला लागला म्हणून माणसाला एकटं सोडायचं नाही, श्वास पुन्हा बुडू शकतो.

खवट
निमूट, मघाचं बोलणं मागे घेतो. तरी एक प्रश्न, टोचून नाही विचारत. आता तुम्ही काही घेता का? कारण मी ऐकलंय एक सोडवायला दुसरी गोळी देतात. मग सुटलं कुठे?

निमूट
ब्यूप्रेनॉर्फिन घेतो. जिभेखाली. कामावर जातो, भाचीचा अभ्यास घेतो, आता ती मिठी मारत नाही, मोठी झाली. सुटलं की नाही ते तुम्हीच ठरवा.

पावशेर
खवट, यात मेंदूच्या बाजूने एक नीट उत्तर आहे. ब्यूप्रेनॉर्फिन रिसेप्टरला घट्ट चिकटतं पण त्याला अर्धवटच चालू करतं. डोस वाढवला तरी एका मर्यादेच्या पुढे श्वास दाबत नाही (दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत असतील तर मात्र हे विसरा). आणि जागा अडवून बसल्यामुळे वरून हेरॉइन घेतलं तरी त्याला बसायला जागा नाही. हळूहळू सुटत असल्यामुळे मेंदूला दिवसातून चारदा वर-खाली फेकलं जात नाही. मेथाडोनचीही कल्पना थोडी तशीच, डोल आणि निस्वांडर या जोडीने १९६५ मध्ये मांडली, फक्त ते पूर्ण चालू करणारं औषध. डिपेंडन्स राहतो, हो. व्यसन नाही.

जागरण
हाच माझा मूळ प्रश्न होता. तीन शब्द.

भूलवाली
विसरले नव्हते. माझ्या पद्धतीने सांगते.

टॉलरन्स म्हणजे त्याच डोसचा परिणाम कमी. डिपेंडन्स म्हणजे औषध अचानक थांबवलं की शरीर बंड करतं. हे दोन्ही कुणालाही होतात, पुरेसे दिवस औषध घेतलं तर संतालाही होतील. गरोदर बाई ही औषधं घेत असेल तर जन्मलेल्या बाळालाही विड्रॉवल होतं, आता त्या बाळाला कुणी व्यसनी म्हणणार आहे का? व्यसन म्हणजे तिसरंच. नुकसान दिसतंय, नकोय, तरी हात तिकडेच जातो, आणि आयुष्याचं बाकी सगळं त्याच्या मागे रांगेत उभं राहतं. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांचं निदान करायच्या अमेरिकन पुस्तकात, तर स्पष्ट लिहिलंय की डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध घेणाऱ्याचा टॉलरन्स आणि विड्रॉवल ही व्यसनाची लक्षणं म्हणून मोजायची नाहीत.

तुमचे बाबा दुखत असताना गोळी पुढे ढकलतायत. व्यसनी माणूस गोळी पुढे ढकलत नाही, जागरण.

उगाच
शेवटचं वाक्य आत्याबाईंना पाठवा.

दोन_मांजरं
+१

अर्धवट_वाचक
एक शंका. मी कुठेतरी वाचलं होतं की महिनाभर मॉर्फिन घेतल्यावर मेंदूचा आकारच बदलतो, म्हणजे एमआरआयमध्ये दिसतो. जागरण यांना घाबरवायचं नाहीये, पण धागा आहेच तर.

पावशेर
२०११ चा अभ्यास, जॅरेड यंगर आणि मंडळी. जुनाट कंबरदुखीचे दहा पेशंट, महिनाभर रोज मॉर्फिन. अमिग्डालासारखे (भावनांशी जोडलेला भाग) काही भाग किंचित लहान झाले, काही भाग किंचित मोठे झाले, काही महिन्यांनी परत काढलेल्या स्कॅनमध्येही फरक पुरता पुसला गेला नव्हता. पण माणसं दहा. आणि आकार बदलला म्हणजे बिघडला असं होत नाही, वाद्य शिकणाऱ्यांच्याही मेंदूचे भाग आकार बदलतात. मी तरी त्यावरून एवढंच म्हणेन की मेंदू फार लवकर जुळवून घ्यायला लागतो.

परत पहिल्यासारखा होतो का, याला एक उत्तर नाही. पेशीतला उलटा जोर दिवस-आठवड्यांत ओसरतो. ते सपाटपण महिने घेतं. जिन्याची आठवण सगळ्यात चिवट, ती पुसली जात नाही, तिच्यावर नवीन आठवणींचे थर चढतात.

आणि मघाशी मी सगळं लोकस सेरुलियसच्या डोक्यावर टाकलं ते जरा जास्तच झालं. त्या ठिपक्याला विड्रॉवलमध्ये उचकवणारे ग्लुटामेटचे (पेशींना चेतवणारं रसायन) संदेश बाहेरून, खालच्या भागातूनही येतात, आणि तो ठिपका निकामी केला तरी बरीचशी लक्षणं राहतात असंही दिसलंय. एकच खलनायक शोधायची खोड, दुसरं काय.

भूलवाली
अजून एक, मग मी ड्युटीवर जाते. कधी कधी उलटंच होतं, औषधामुळेच दुखणं वाढतं. डोस वाढवला की दुखणं कमी व्हायच्या ऐवजी पसरतं, नुसता स्पर्शही बोचतो. ऑपरेशनमध्ये रेमिफेंटानिल हे मॉर्फिनच्याच जातीचं औषध भरपूर दिलं असेल तर नंतर पेशंट अपेक्षेपेक्षा जास्त विव्हळतो, ते मी स्वतः पाहिलंय. यात एनएमडीए नावाच्या वेगळ्याच रिसेप्टरचा हात असतो, म्हणून तिथे आम्ही तो अडवणारं केटामिन थोडं वापरतो. जागरण, डॉक्टरांना दुखण्याची जागा आणि जात बदललीय का हे नेमकं सांगा. आजार वाढलाय, टॉलरन्स आलाय की हे तिसरं आहे, ते त्यावरून ठरतं आणि तिन्हींचा उपाय वेगळा. कधी औषधच बदलून दुसरं देतात, कारण एकाचा सराव दुसऱ्याला पूर्ण लागू होत नाही, म्हणून बदलताना डोस कमी धरतात. आणि काहीही झालं तरी घरच्या घरी अचानक बंद करायचं नाही.

टवाळ
मोबाईल सुरू केला. विड्रॉवल सहन झालं नाही.

जागरण
पाच दिवसांनी येतेय, माफ करा. हॉस्पिटलमध्येच होते.

डॉक्टरांना ताईंनी सांगितलं तसं विचारलं. पाठीत नवीन जागी दुखतंय, स्कॅन केला, आजार मणक्यात उतरलाय. म्हणजे डोस वाढला तो सवयीने नाही. ही बातमी चांगली की वाईट हे मला कळत नाहीये, दोन्ही एकदम वाटतंय. रेडिएशनचे काही डोस देणार आहेत आणि गोळ्या वेळेवर, दुखायची वाट न बघता.

हा धागा बाबांना वाचून दाखवला. गाळून दाखवणार होते, पण ते म्हणाले सगळा वाच, त्या टवाळाचं पण वाच. निमूट यांचं वाचताना मला थांबवलं आणि 'मनावर चौदा वेळा घेतलं होतं' हे वाक्य परत वाचायला लावलं. मग बराच वेळ गप्प होते. काका भेटायला आले होते तेव्हा बाबांनी त्यांच्यासमोर घड्याळ बघून गोळी मागितली, मोठ्याने.

त्यांचा एक प्रश्न आहे, मी तसाच लिहिते. 'लोकस सेरुलियस म्हणजे निळा ठिपका असं तू म्हणालीस, तो खरंच निळा असतो की उगाच आपलं नाव?'

पावशेर
बाबांना सांगा खरंच निळसर असतो. न्यूरोमेलॅनिन नावाचं रंगद्रव्य त्या पेशींत साठत जातं. लहान मुलांमध्ये फिका असतो, वयाबरोबर गडद होतो. त्यांचा माझ्यापेक्षा छान निळा असणार.

निमूट
बाबांना नमस्कार सांगा.

भूलवाली
आणि पोटाच्या औषधाचं?

जागरण
विचारलं. कालपासून सुरू केलंय. चार महिन्यांत कुणीच बोललं नव्हतं, आणि बाबाही लाजेने सांगत नव्हते.